कडूपणाचा हिशेब

बी.कॉम. झालेल्या माणसाने प्रवाळांवर बोलू नये, हे मला मान्य आहे. पण मुलीच्या शाळेच्या प्रकल्पापायी वाचावे लागले, आणि वाचून झोप उडाली.

मऊ प्रवाळाला इतर प्रवाळांसारखा दगडी सांगाडा नसतो. पळायला पाय नाहीत. मग ते अंगात टर्पीन जातीची रसायने साठवते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या सार्कोफायटन प्रवाळातले सार्कोफायटॉक्साइड माशांना विषारी. मासे लांबूनच नमस्कार करतात. इथवर हिशेब जुळतो.

पण ओव्हुला ओव्हम नावाची एक गोगलगाय आहे. कवड्यांच्या नात्यातली, अंड्यासारखा पांढराशुभ्र शंख, त्यावर अंगाचाच काळा पदर. ही बाई त्याच प्रवाळावर खुशाल जेवत बसते! विष पोटात घेते, त्याचे कमी विषारी रूप करते आणि विष्ठेवाटे टाकून देते. टाउन्सव्हिलच्या संशोधकांनी १९८३ सालीच हे छापले आहे. जमा तेवढे खर्ची.

झोप उडाली, कारण काउंटरमागे मी अठरा वर्षे सार्कोफायटनच आहे. जिभेवर थोडे विष ठेवले नाही, तर लोक क्लार्कला कच्चा खातात, ही माझी श्रद्धा.

गेल्या नोव्हेंबरात एक आजी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या. हात थरथरत होता, सही जुळेना. "आजी, अशा सह्यांनी आमच्या नोकऱ्या जातील. उद्या या!" मी म्हणालो. चार माणसे हसली. त्याच दुपारी दोन कर्जे थकवलेले एक गृहस्थ आले. मी याहून जहरी बोललो. ते मनापासून हसले, चहा मागवला, आणि तिसऱ्या कर्जाचा अर्ज माझ्याच पेनाने भरून पेनासकट गेले.

प्रवाळाच्या बाजूने बोलायला जागा आहे. एक गोगलगाय परवडली, पण विष नसते तर मासळीबाजारच तुटून पडला असता. हा युक्तिवाद मी सौ.ला ऐकवला. ती भाजी निवडत म्हणाली, "पण त्या आजी तुम्हाला खायला आल्या होत्या का?"

आजी उद्या आल्या नाहीत. परवाही नाहीत. गडबडीत राहिलेले त्यांचे पासबुक माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर पत्ता आहे. तिसरा मजला. लिफ्ट नसावी.