फावल्या वेळाचा हिशेब

शाळेच्या प्रवेशाचा अर्ज भरताना एक रकाना येतो : आईचा व्यवसाय. मागच्या खोलीत शिवणयंत्र चालूच असते. दोरीवर दहा ब्लाउज टांगलेले असतात, खाटेखाली फॉल-पिकोला आलेल्या साड्यांचे गाठोडे असते. तरी आम्ही तेथे 'गृहिणी' लिहितो. कोणी तोंडी विचारले तर म्हणतो, "काही नाही, घरीच असते." हे उत्तर कोणी आमच्याकडून जबरदस्तीने वदवून घेत नाही. सवयीने आम्हीच देतो. या सवयीचा थोडा विचार करावा असे वाटते. प्रश्न एका शब्दाचा नाही, न्याय-अन्यायाचा आहे.

अंबरनाथचे नाव निघाले की लोकांना 1060 सालचे शिवमंदिर आठवते, नाही तर ऑर्डनन्स फॅक्टरी आणि एमआयडीसी. पहाटेपासून माणसे लोकल पकडायला धावतात. त्यांना सगळे जग कामावर गेलेले म्हणते. पण अंबरनाथ पूर्वेला, कानसई सेक्शन असो की वडवली, चाळीत आणि इमारतींत जी बाई मागे राहते तीही कामालाच बसलेली असते. कोणी ब्लाउज-परकर शिवते, कोणी ओढणीवर आरीकाम करते, कोणी क्रोशाची तोरणे विणते, कोणी दुपारचे डबे करते. उल्हासनगर कॅम्पातून तयार कपड्यांचे गठ्ठे येतात. त्यांचे धागे कापायचे, बटणे लावायची आणि डझनावर मजुरी घ्यायची. या कामांना पाटी नाही, भोंगा नाही, सुट्टी तर नाहीच.

हे सगळे आम्ही 'फावल्या वेळात' करतो असे म्हटले जाते. हा फावला वेळ असतो तरी कोठे? केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची 299 मिनिटे बिनमजुरीच्या घरकामात जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची 97, असे तीत आढळले. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, पण पुरुषाचीही नऊ मिनिटे कमी झाली. म्हणजे तफावत होती तेथेच राहिली. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल यात धरलेलीच नाही. जिचे पाच तास असे जातात तिचा फावला वेळ म्हणजे झोपेतून कापलेला वेळ. रमजानमध्ये तो सर्वांत स्वच्छ दिसतो. ईदचे कपडे शिवून घ्यायची घाई शेवटच्या दहा दिवसांत येते. इफ्तारीची आणि सहेरीची घाईही त्याच दिवसांत असते. तरावीहची नमाज आटोपून घर झोपते तेव्हा आम्ही यंत्राला तेल देतो.

आम्हाला नेहमी विचारतात, "संसार, मुले आणि धंदा यांचा तोल तुम्ही कसा सांभाळता?" विचारणाऱ्याच्या मनात कौतुक असते. पण तोल सांभाळायचा तो तारेवर चालणाऱ्याने, अशी या प्रश्नाची आधीच समजूत झालेली आहे. तार कोणी बांधली आणि खाली उभे राहून बघणारे कोण, हे विचारले जात नाही. दुकानात बसलेल्या पुरुषाला कोणी मध्येच उठवून "जरा कुकर बंद कर" म्हणत नाही, कारण तो कामावर आहे. आम्ही घरात आहोत म्हणून आमचा वेळ सर्वांचा. सासूबाईंचे औषध, गॅसचा सिलिंडर, पाहुण्यांचा चहा, मुलाचा गृहपाठ, सगळे आमच्या हातातल्या सुईला थांबवू शकते. सुई कोणासाठी दुसरे काही थांबवू शकत नाही.

घर आम्ही निवडले, हेही खरे. लहान मूल कोणाकडे सोपवून लोकलच्या गर्दीत शिरायचे धैर्य प्रत्येकीला होत नाही. परवडेल असे पाळणाघर जवळ नसते. काही घरांत बाईने बाहेर पडावे की नाही याचा निर्णय अजून तिचा नसतो. आमच्या समाजात हे जास्त आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण या निवडीचा फायदा कोणाला होतो तेही पाहावे. जागा आमची, यंत्र आमचे, वीज आमची, मोडलेली सुई आमची. माल देणाऱ्याला ना भाडे ना रजा. वर तो सांगतो, "भाभी, तुम्ही तर घरच्या घरी करता, तुम्हाला काय खर्च?" आणि ते आम्हालाही पटते!

घरात केलेले काम मोजता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. 15 मार्च 1959 रोजी मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. त्यातून लिज्जत पापड उभे राहिले. तेथेही बाई घरीच लाटते. पण पीठ केंद्रावर मळले जाते, ती ते घेऊन येते, दुसऱ्या दिवशी पापड नेऊन देते आणि लाटण्याचे पैसे घेते. नफ्यात आणि तोट्यात ती भागीदार असते. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेच्या कर्जापर्यंत पोहोचवले. या बायकांचा चुलीशी संबंध तुटला नाही. फरक एवढाच पडला की त्यांचे श्रम वहीत आले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून केलेल्या कामाविषयी 1996 साली करार केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. तोवर निदान आमच्या घरातली वही आमच्या हातात आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. घर म्हणजे दुकान आहे का? माया मोजायची असते का? मूल आजारी पडल्यावर आई घड्याळ बघत नाही, बघूही नये. पण हिशेब लिहिणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. कुरआनातील सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा हे सांगणारी आहे. एवढा पवित्र ग्रंथ व्यवहाराला एवढी जागा देतो, तो माणसांची मने दुखावावीत म्हणून नव्हे, ती सांभाळली जावीत म्हणून.

व्यापार करणाऱ्या हजरत खदीजांचे नाव आमच्या सभांतून नेहमी घेतले जाते. हाताने कातडे कमावून आणि शिवून त्या कमाईतून दानधर्म करणाऱ्या हजरत झैनब बिन्त जहश यांचे नाव मात्र कमी ऐकू येते. हदीसमध्ये आणखी एक प्रसंग आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद यांची पत्नी हस्तव्यवसाय करीत असे. नवरा आणि मुले यांच्याजवळ काही नव्हते, तेव्हा खर्च तीच करी. तिने पैगंबरांना विचारले की यांच्यावर खर्च केल्याचे मला पुण्य मिळते का? मिळते, असे उत्तर आले.

हा प्रसंग आम्हाला बाईच्या त्यागाचा दाखला म्हणून सांगितला जातो. आम्हाला तो वेगळा दिसतो. दान कशाचे होते? जे आपले असते त्याचे. कमाई मुळातच घरची असती तर ती घरावर खर्च करण्यात पुण्य कसले? त्या बाईचा प्रश्न आणि तिला मिळालेले उत्तर दोन्ही एकच गोष्ट धरून चालतात : पैसा तिचा होता. तिने तो दिला. आमच्या घरांत तो दिला जात नाही, विरघळतो. दूधवाल्याला गेला, फीला गेला, आणि महिनाअखेरीस कोणालाच, आम्हालाही, सांगता येत नाही की आम्ही किती कमावले. देणारीला आपण दिले हेच ठाऊक नसेल, तर ते देणे नव्हे, घेतले जाणे आहे.

बोट दुसऱ्याकडेच दाखवून थांबलो तर हा हिशेब खोटा ठरेल. डझनांचा गठ्ठा वेळेत द्यायचा असतो तेव्हा आम्ही कोणाला हाक मारतो? मुलीला. "जरा धागे काप, अभ्यास नंतर कर." मुलगा खेळायला गेलेला असतो, त्याला हाक मारत नाही. तिचा वेळही फावला, असे आम्ही ठरवून टाकलेले असते. घेतलेले काम पेलत नाही तेव्हा त्यातले थोडे शेजारणीला देतो आणि मधले दोन पैसे ठेवून घेतो. ती विचारते तेव्हा सांगतो, "घरच्या घरी तर आहे, तुला काय खर्च?" ज्या वाक्याने आमची मजुरी कापली गेली, तेच आमच्या तोंडून निघते. अन्याय असाच खाली उतरत जातो. त्याला कोठेतरी थांबवायचे तर आपल्या दारापासून थांबवावे लागते.

म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी ठरवल्या आहेत. एक वही ठेवायची. तिच्यात नग, तास, दोरा आणि विजेचा खर्च लिहायचा. भाव सांगताना या चारही गोष्टी धरायच्या, गिऱ्हाईक गेले तरी. शेजारणीला तोच दर द्यायचा, जो आम्हाला मिळतो. संध्याकाळचे दोन तास यंत्राचे असतील, त्या वेळी चहा ज्याला हवा त्याने करावा. मुलगी धागे कापायला बसणार नाही. बसवावी लागलीच तर मुलगाही तिच्या शेजारी बसेल.

यातले सगळे रोज जमते असे नाही. इफ्तारीच्या वेळी वही मागे पडते, भाव सांगताना जीभ अडखळते. पण यंदा मुलीच्या शाळेचा अर्ज आला तेव्हा त्या रकान्यात आम्ही 'शिवणकाम' लिहिले. तिने ते दोनदा वाचले आणि विचारले, "अम्मी, हे पण काम असते?"

तिला हे विचारावे लागले, हाच आमच्या आजवरच्या हिशेबातला तोटा.