अप्पियाच्या पेठेपर्यंत कोण येईल?



रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या अंगणात एखादी आई भेटते. आम्ही विचारतो, "मुलगा कसा आहे इटलीत?" उत्तर बहुधा ठरलेले असते: "बरा आहे फादर, पैसे पाठवतो." मग आम्ही पुढे विचारतो. तो राहतो कुणाबरोबर? आजारी पडला तर जवळ कोण आहे? त्याला रविवारी मिस्साला जाता येते का? यावर ती आई जरा थांबते आणि म्हणते, "ते विचारायचं राहूनच गेलं."

परदेशी गेलेल्या माणसाचा पगार आपल्याला ठाऊक असतो, त्याचा दिवस मात्र ठाऊक नसतो. ख्रिस्तसभा १९१४ सालापासून दरवर्षी एक दिवस स्थलांतरितांसाठी पाळत आली आहे. त्या निमित्ताने आज आपण इटलीत कष्ट करणाऱ्या आपल्या माणसांचा विचार करू या.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात संत पौलाच्या इटलीतील आगमनाची हकीकत आहे. पौल तेथे बेड्या पडलेला कैदी म्हणून आला. वाटेत जहाज फुटले होते, माल्टा बेटावर हिवाळा काढावा लागला होता. शेवटी तो नेपल्सजवळच्या पुतेओली बंदरात उतरला आणि तेथून अप्पियाच्या राजरस्त्याने रोमकडे निघाला. रोमच्या ख्रिस्ती मंडळीला त्याने पूर्वी पत्र लिहिले होते. पण ते शहर त्याने पाहिले नव्हते. तेथे आपले स्वागत होईल की तुरुंग वाट्याला येईल, हे त्याला कुठे ठाऊक होते?

पौल येत असल्याची बातमी रोममधील बंधूंना कळली. ते घरी वाट पाहत बसले नाहीत. काही जण तीन उतारशाळांपर्यंत गेले, तर काही त्याही पुढे अप्पियाच्या पेठेपर्यंत गेले. ही पेठ रोमपासून सुमारे ६५ किलोमीटर दूर. पायी जायचे तर दोन दिवसांची वाट! संत लूक सांगतो, की त्यांना पाहताच पौलाने देवाचे आभार मानले आणि त्याला धीर आला. बंधुभगिनींनो, वादळाला न डगमगलेल्या पौलालासुद्धा परक्या मुलखात कुणीतरी सामोरे येण्याची गरज होती. मग आपल्या लेकरांना ती का नसावी?

ती अप्पियाची पेठ आज कुठे आहे? रोमच्या दक्षिणेला लातिना नावाचे शहर आहे. त्याच्या हद्दीत, त्याच जुन्या रस्त्यावर हे ठिकाण येते. पूर्वी हा सारा प्रदेश दलदलीचा होता. १९३० च्या दशकात पाणी काढून तेथे शेतजमीन तयार करण्यात आली. आज तेथे भाजीपाल्याची आणि किवी फळांची मोठी शेती आहे, प्लास्टिकच्या छपराखालील लांबच लांब शेते आहेत. आणि त्या शेतांत वाकून काम करणारी माणसे कोण आहेत? त्यांतील हजारो आपल्या भारतातली, बहुतेक पंजाबातली! पहाटे सायकलवरून कामाला जाणारे हे पगडीधारी बंधू त्या रस्त्यांवर नेहमी दिसतात. उत्तरेकडे पो नदीच्या खोऱ्यात पंजाबी बांधव गाईंच्या गोठ्यांत राबतात. जगप्रसिद्ध इटालियन चीजसाठी लागणारे दूध काढणाऱ्या हातांत त्यांचेही हात आहेत.

जून २०२४ मध्ये याच लातिना परिसरात एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला इस्पितळात नेण्याऐवजी त्याच्या घरापाशी टाकून देण्यात आले; तुटलेला हात फळांच्या खोक्यात ठेवला होता. दोन दिवसांनी रोमच्या इस्पितळात त्याने प्राण सोडले. त्याच्यापाशी कामाची रीतसर कागदपत्रे नव्हती. सारी इटली या घटनेने हादरली.

जेथे एकदा बंधू सामोरे आले होते, त्याच मुलखात दोन हजार वर्षांनंतर एका बंधूला असे टाकून देण्यात आले. हा विरोधाभास आपल्याला अस्वस्थ करणारा आहे, आणि तो तसा करायलाच हवा.

मात्र चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये लातिनात भारतीय शेतमजुरांनी एकजुटीने संप केला. त्याच वर्षी इटलीने १९९ क्रमांकाचा कायदा केला. मजुरांना पिळणारा मुकादम आणि त्याच्याकडून स्वस्तात माणसे घेणारा मालक, दोघांनाही त्या कायद्याने गुन्हेगार ठरवले. म्हणजे कायदा आहे. पण कायदा आपण होऊन शेतात चालत जात नाही. त्याच्यासोबत माणूस जावा लागतो.

आता आमचीच एक चूक सांगतो. आम्ही शिक्षणासाठी रोममध्ये होतो तेव्हाची गोष्ट. तेथे घरोघरी म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या परदेशी स्त्रिया असतात. त्यांना 'बदान्ते' म्हणतात. फिलिपिन्स, रुमानिया, युक्रेन, पेरू, तसेच केरळ, गोवा, मंगळूर अशा ठिकाणांहून त्या आलेल्या असतात. मालकाच्याच घरी राहणाऱ्या बाईला करारानुसार आठवड्याला ५४ तासांपर्यंत काम असते आणि ३६ तासांची सुटी असते: रविवार पूर्ण आणि दुसरा एखादा अर्धा दिवस, बहुधा गुरुवार. गुरुवारी दुपारी त्या बागेतल्या बाकांवर जमत, डबे उघडत, आपापल्या भाषेत मनसोक्त बोलत. आमचा रस्ता त्या बागेतूनच जाई. हातात पुस्तके, डोक्यात परीक्षा. आम्ही मान लववून नमस्कार करीत असू आणि पुढे जात असू.

एके गुरुवारी मंगळूरकडच्या एका बाईंनी आम्हांला थांबवले. म्हणाल्या, "फादर, पाच मिनिटं बसाल?" आम्ही बसलो. त्यांची आई गावी वारली होती, त्याला तीन आठवडे झाले होते. त्यांची कागदपत्रे झालेली नव्हती. देश सोडला असता तर परत येता आले नसते. आईला मूठमाती दिली जात असताना त्या रोममध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी आईला चमच्याने सूप भरवीत होत्या. "त्या आजी चांगल्या आहेत हो," बाई म्हणाल्या, "पण माझ्या आईचं नाव मी इथं कुणापुढे घेऊ?"

आम्ही त्यांच्या आईचे नाव विचारले आणि दुसऱ्या दिवशी त्या नावाने मिस्सा अर्पण केली. फार काही केले नाही. परंतु कितीतरी गुरुवार आपण या बाकावरून नुसतेच पुढे गेलो, ही बोच अजून मनातून गेलेली नाही. रोममध्ये राहूनही आम्ही अप्पियाच्या पेठेपर्यंत गेलो नव्हतो.

इटलीला स्थलांतर नवे नाही. एकेकाळी लाखो गरीब इटालियन पोटासाठी अमेरिकेला, ब्राझीलला, अर्जेंटिनाला गेले. पिआचेन्सा शहराचे बिशप जोव्हान्नी बाप्तिस्ता स्कालाब्रिनी यांनी मिलान स्टेशनवर बोचकी घेऊन बसलेली ती माणसे पाहिली. त्यांचे मन द्रवले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १८८७ साली त्यांनी स्थलांतरितांसाठी धर्मगुरूंचा संघ स्थापन केला. २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. हे पोप फ्रान्सिस स्वतःच अर्जेंटिनाला गेलेल्या इटालियन कुटुंबातले. संत फ्रान्सिस्का काब्रिनी लोम्बार्दीच्या लोदी भागातल्या. त्यांना चीनला जायचे होते. पोप लिओ तेरावे यांनी मात्र त्यांना पश्चिमेला पाठवले आणि १८८९ साली त्या न्यूयॉर्कला जाऊन इटालियन मजुरांच्या आई झाल्या. आज त्याच लोदीच्या गोठ्यांत आपले पंजाबी बांधव काम करतात. काल जो परका होता तो आज यजमान आहे. काळाचे चाक असेच फिरते, म्हणून कुणीही कुणाला कायमचा परका समजू नये.

बंधुभगिनींनो, यातून आपण काय घ्यावे?

जे जाणार आहेत त्यांना आमची विनंती: घाई करू नका. कर्ज काढून एजंटच्या हाती लाखो रुपये देण्यापूर्वी कागद पाहा. इटलीत नोकरीसाठी जायचे तर काम देणाऱ्याने तेथील सरकारकडून तुमच्या नावाची मंजुरी घ्यावी लागते. त्यानंतर व्हिसा मिळतो. तेथे पोहोचल्यावर ठरलेल्या मुदतीत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. तेथे गेल्यावर मालकच गायब झाला, परवाना मिळाला नाही आणि माणूस अंधारात गेला, असे पुष्कळांचे झाले आहे. कागदपत्रे नसलेला माणूस आजारपण लपवतो, अन्याय गिळतो आणि आईच्या मातीलाही येऊ शकत नाही. जाण्यापूर्वी थोडी इटालियन भाषा शिका. तेथे गेल्यावर जवळचे चर्च शोधा. बहुतेक धर्मप्रांतांत कारितास ही संस्था गरजूंना मदत करते.

जे तेथे स्थिरावले आहेत त्यांना सांगणे: तुमचे घर झाले, गाडी झाली, देवाचे आभार माना. पण आज विमानतळावर उतरणारा नवखा मुलगा ही तुमची अप्पियाची पेठ आहे. त्याला सामोरे जा.

आणि आपण घरी राहिलेले? फोन आला की "पैसे कधी पाठवतोस?" याआधी "जेवलास का? झोप लागते का?" असे विचारू या. घराचा दुसरा मजला एका वर्षाने उशिरा झाला तर काही बिघडत नाही. लेकराचे मन मोडले तर मात्र ते जोडायला फार वर्षे लागतात.

शेवटचे सांगणे जरा कठीण आहे. इटलीतल्या त्या मालकाचा आपल्याला राग येतो. यावाच. पण आपल्या वाडीत काम करणारा, आपल्या घराच्या विटा वाहणारा परप्रांतीय मजूर कुठे झोपतो, हे आपण पाहिले आहे का? त्याची मजुरी ठरल्या दिवशी देतो का? अनुवादाच्या पुस्तकात देवाने आज्ञा दिली आहे, की गरीब मजूर आपला असो वा परका, त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. न्यायाच्या दिवशी प्रभू आपल्याला परक्याविषयी विचारणार आहे. तो परका म्हणजे आपणच होतो, असे तो म्हणेल.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने दोन गोष्टी कराव्यात. परदेशी असलेल्या आपल्या एका माणसाला पैशाचा विषय न काढता फोन करावा आणि आपल्या दारी काम करणाऱ्या एका परप्रांतीयाचे नाव विचारावे.

प्रभू येशू, बाळपणी तूही मरिया आणि योसेफ यांच्यासह मिसर देशात परका म्हणून राहिलास. इटलीच्या शेतांत, गोठ्यांत, म्हाताऱ्यांच्या उशाशी जागणाऱ्या आमच्या भावाबहिणींना सांभाळ. त्यांना वाटेत सामोरे जाणारे कुणीतरी भेटू दे. आणि जेथे ते 'कुणीतरी' आम्हीच असू, तेथे आम्हांला घरात बसू देऊ नकोस. आमेन.