बियाण्याची कणसं

व्हेनेझुएलाच्या पोर्तुगेसा प्रांतात, मक्याच्या मुलखात, एक म्हातारा शेतकरी आणि त्याची बायको राहत होती. सुगी झाली की म्हातारी सर्वांत भरदार कणसं निवडायची आणि चुलीवरच्या आढ्याला धुरात टांगायची. घरात कितीही ओढ असली तरी त्या कणसांना कुणी हात लावत नसे.

मग सुबत्तेचे दिवस आले. 1998 च्या अखेरीस ह्युगो चावेझ राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, तेव्हा तेल पिंपाला दहा डॉलरच्या आसपास होतं. 2008 च्या जुलैत ते 147 डॉलरपर्यंत चढलं. ज्या वस्त्यांकडे आजवर कुणी वळूनही पाहिलं नव्हतं, तिथे तेलाचा पैसा पोचला. क्युबाचे डॉक्टर आले. म्हातारीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फुकट झाली आणि तिला कणसावरचे दाणे पुन्हा दिसू लागले. तो उपकार खरा होता. म्हातारी तो कधी विसरली नाही.

सरकारी दुकानात बोटीने आलेलं मक्याचं पीठ स्वस्त मिळू लागलं. भावही सरकारनेच बांधून दिले. पिकवण्यापेक्षा विकत आणणं परवडू लागलं. एका शेजाऱ्याने पेरणी सोडली, मग दुसऱ्याने.

एकदा पिठाच्या पिशव्या वाटणाऱ्या कारभाऱ्याला म्हातारीने विचारलं, "बाबा, एवढं देता, त्यातलं बियाण्याला किती ठेवता?"

"आजी, तेल जमिनीतच आहे. ते पेरावं लागत नाही."

म्हातारी काही बोलली नाही. तेल पेरलं पाहिजे, त्याचा पैसा शेतीत आणि उद्योगात घातला पाहिजे, असं लेखक आर्तुरो उस्लार पिएत्री यांनी त्याच देशात 1936 साली बजावलं होतं. पुढे 1970 च्या दशकात तेल महागलं, तेव्हाच्या सरकारांनीही उधळपट्टीच केली.

इकडे राजधानीत अडीअडचणीसाठी 1998 साली उभारलेला निधी रिकामा झाला. सरकारी तेल कंपनीतल्या 2002-03 च्या संपानंतर तिथल्या सुमारे 18,000 जाणत्या माणसांना काढून टाकलं गेलं. विहिरींच्या देखभालीला लागणारा पैसा वाटपात जाऊ लागला.

2014 मध्ये तेलाचे भाव कोसळले. बोटी कमी झाल्या. दुकानापुढे पहाटेपासून रांगा लागल्या. गावाला पुन्हा पेरायचं होतं, पण बी-खतं विकणारी मोठी कंपनी सरकारने 2010 मध्येच ताब्यात घेतली होती आणि तिच्या फळ्या आता मोकळ्या होत्या. लोक म्हाताऱ्याच्या दारात आले.

म्हातारीने कणसं उतरवली. प्रत्येकाच्या ओंजळीत मूठभर दाणे घातले आणि म्हणाली, "सुगीला सवाईने परत आणायचं."

एक जण चिडला. "सरकारने कधी परत मागितलं नव्हतं!"

"म्हणूनच ते संपलं," म्हातारी म्हणाली.

काहींनी सवाईने परत केलं. काही जण सुगीआधीच कोलंबियाच्या वाटेला लागले.

जे सरकार लोकांच्या करावर चालतं, त्याला लोक हिशेब विचारतात. जे तेलावर चालतं, त्याच्याकडे लोक फक्त वाटा मागतात, आणि मोठा वाटा देऊ म्हणणारा निवडून येतो. गरिबांना देणं चूक नव्हतं. त्यांचा तो हक्कच होता. पण बियाणंसुद्धा वाटून टाकलं गेलं, आणि त्याची झळ सर्वांत आधी त्याच गरिबांना बसली.

जगातले सर्वांत मोठे ज्ञात तेलसाठे, सुमारे 300 अब्ज पिंपं, व्हेनेझुएलाच्या जमिनीत आहेत. त्या जमिनीवरची 70 लाखांहून अधिक माणसं देश सोडून गेली आहेत.