भिंतीपलीकडचा कचरा



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक आजी मला भेटल्या. त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत रात्री कोणीतरी कचऱ्याच्या गोण्या आणून टाकते. गाई तेथे प्लास्टिक चघळतात, डास वाढले आहेत आणि कधी कोणी तो ढीग पेटवून दिला की धूर थेट घरात येतो. आजींनी विचारले, “फादर, नगरपरिषदेत कागद देऊ का नको? उद्या शेजाऱ्याशी वाकडं होते. अन् आपण येथे मोजकी माणसं.”

मी म्हणालो, “आजी, आपण प्रार्थना करू.”

त्या निघून गेल्या आणि माझेच शब्द मला टोचू लागले. प्रार्थना चांगलीच, पण त्या क्षणी ती माझी पळवाट होती. सायंकाळी मी ती जागा पाहायला गेलो. ढिगाच्या एका कडेला थर्माकोलची ताटे पडली होती. ती मी ओळखली. आपल्याच सणाच्या जेवणातली होती ती! आपण आवार झाडून लख्ख केले आणि कचरा भिंतीपलीकडे गेला. राज्यात मार्च 2018 पासून अशा ताटांवर बंदी आहे, याचीही आठवण आपल्यापैकी कोणाला झाली नाही. मलाही नाही. म्हणून आज मी जे लिहितो आहे, ते आधी मला स्वतःला लागू आहे.

काइनाने देवाला उलट प्रश्न केला होता, की भावाची राखण करणे हे माझे काम आहे काय? आपणही तेच विचारतो, फक्त वेगळ्या शब्दांत: “मला काय त्याचे?” अनुवादाच्या 23व्या अध्यायात इस्राएल लोकांना छावणी स्वच्छ ठेवण्याची आज्ञा आहे, कारण परमेश्वर त्या छावणीतून फिरतो. देव फक्त वेदीपाशी असतो असे आपण धरून चाललो, तर भिंतीपलीकडे काहीही टाकायला मोकळे होतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लौदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सर्वांचे घर म्हटले आहे. घरामागची मोकळी जागा त्याच घरातली आहे. येथे पडलेले प्लास्टिक पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यातून ज्ञानगंगेत जाते, तेथून पूर्णेत आणि पुढे तापीत.

पण तक्रार करणे म्हणजे चहाडी नव्हे काय? अनेकांना ही शंका येते. मत्तयच्या शुभवर्तमानात, 18व्या अध्यायात, प्रभू येशू क्रम सांगतो: चुकणाऱ्या बंधूला आधी एकांतात भेटा, ऐकले नाही तर आणखी एकदोघांना बरोबर घ्या, तरीही ऐकले नाही तर मंडळीसमोर मांडा. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस अभ्यासले. बंधूला चूक दाखवणे हे प्रेमाचेच कृत्य आहे, असे ते म्हणतात. मात्र ज्या दोषाने अनेकांचे नुकसान होते आणि एकांतात सांगून तो थांबेल अशी खात्री नाही, तेथे अधिकाऱ्याकडे जायला उशीर करू नये, असेही ते सांगतात. चहाडी माणसाला पाडण्यासाठी असते, तक्रार शेजार वाचवण्यासाठी. म्हणून कोणाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. त्याने माणूस दुखावतो आणि ढीग तेथेच राहतो.

“कागद देऊन काय होते?” असेही आपण म्हणतो. मध्य प्रदेशातील रतलाम येथे उघडी गटारे आणि घाण यांना कंटाळलेल्या एका वस्तीतील रहिवाशांनी 1972 साली दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. नगरपालिकेने पैसे नसल्याचे कारण सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, की पैशाची अडचण सांगून नगरपालिकेला आपले कर्तव्य टाळता येणार नाही. आठ वर्षे लागली, पण ती साधीच माणसे होती. लूकच्या 18व्या अध्यायातील विधवा मला येथे आठवते. तिच्याकडे पैसा नव्हता, ओळख नव्हती. होती ती फक्त चिकाटी.

तेव्हा अर्ज नीट लिहावा. जागेची खूण, तारीख, वेळ, कचरा कोणत्या प्रकारचा, हे साध्या शब्दांत मांडावे. ढिगाचा फोटो जोडावा. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे असावा. जागा गावाच्या हद्दीत असेल तर ग्रामपंचायतीकडे द्यावा. दोन प्रती काढून एकीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्यावी. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र द्यावे. माहिती अधिकार कायदा 2005 पासून आहे. अर्जावर काय कार्यवाही झाली हे त्याखाली विचारले, तर साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. बोलताना आवाज चढवू नये. आणि जे सफाई कामगार तो ढीग उचलतील, त्यांना पाणी विचारावे. आपण टाकलेले ते हाताने उचलतात.

संत गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले. ते गावात आले की आधी खराटा हाती घेत, गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आधी हात, मग शब्द, हा त्यांचा क्रम आपणही पाळू या.

येत्या शनिवारी सकाळी सात वाजता आपली ताटे आपणच उचलू. रविवारी मिस्सानंतर अर्ज लिहू. पहिली सही माझी राहील. आजी, दुसरी सही तुमची. तुम्ही एकट्या नाहीत. यापुढे आपल्या सणाचे जेवण पत्रावळीवर किंवा घरून आणलेल्या ताटात होईल.

हे प्रभो, आमच्या दारापुढे आहे तसाच तू आमच्या घरामागेही आहेस, हे आम्हांला विसरू देऊ नकोस. आमेन.

तुमचा,
फादर