समलिंगी प्रेम आणि आमची लोकलज्जा

वऱ्हाडांतील वलगांवचें नांव महाराष्ट्रास ठाऊक आहे तें गाडगेबाबांमुळें. ता. २० डिसेंबर १९५६ रोजीं या गांवाजवळ, पेढी नदीच्या परिसरांत, त्यांनीं देह ठेविला. बाबांचें कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. उत्तर ते श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. त्याच रीतीनें विचारावेंसें वाटतें: ज्या पुरुषाचें मन पुरुषावर किंवा स्त्रीचें मन स्त्रीवर जडतें, त्यांनीं आमचें काय बिघडविलें आहे?

मराठींत हा विषय नवा नाहीं. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकांत वाचक असले प्रश्न विचारीत व कर्वे त्यांस निःसंकोच उत्तरें देत. त्या उत्तरांपायीं १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. हायकोर्टांत डॉ. आंबेडकरांनीं त्यांची बाजू मांडली. तरी कर्व्यांना दंड झालाच. म्हणजे प्रेम तर गुन्हा होतेंच, त्याविषयीं समजावून सांगणें हाहि गुन्हा ठरला.

असल्या संबंधास शिक्षा सांगणारें ३७७ वें कलम परक्या सरकारनें १८६० च्या दंडविधानांत घातलें. इंग्लंडनें आपला कायदा १९६७ त सैल केला. आम्ही मात्र तें कलम आपली संस्कृति समजून जपलें! अखेर ता. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सज्ञान व्यक्तींच्या राजीखुषीच्या संबंधांस त्यांतून मुक्त केलें. त्या निकालाचा एक आधार होता संविधानाची नीति. ही नीति मनुष्यांत उपजत नसते, ती प्रयत्नानें अंगीं बाणवावी लागते, असें आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत बजाविलें होतें. पाप कोणतें हें ज्यानें त्यानें आपल्या धर्मास विचारावें. धर्मनिरपेक्ष राज्याला मात्र गुन्हा ठरवितांना कोणाचें तरी नुकसान दाखवावें लागतें. बहुसंख्यांना किळस येते, हें नुकसान नव्हे. १९२७ सालीं अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न निघाला, तेव्हां अस्पृश्यांच्या स्पर्शाचीहि पुष्कळांना किळसच येत होती.

शिक्षा गेली, तरी समान हक्क आले नाहींत. ता. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं त्याच न्यायालयानें अशा विवाहास मान्यता देण्याचें काम कायदेमंडळाचें म्हणून बाजूस सारलें. वीस वर्षें एका छपराखालीं काढलेला जोडीदार मृत्युपत्रावांचून वारस होऊं शकत नाहीं. दूरचा पुतण्या होतो. हा व्यवहार मला तरी न्यायाचा वाटत नाहीं.

पण कायद्याहून कठीण मुलूख आमच्या माजघराचा आहे. मुलानें धीर करून मन उघडें केलें, कीं आईबाप म्हणतात, "लग्न झालें म्हणजे येईल ताळ्यावर." स्थळें पाहण्यास प्रारंभ होतो. त्या मुलाच्या जन्मभराच्या कोंडमाऱ्याविषयीं निदान कोणी तरी बोलतें; जिला या औषधाची पुडी म्हणून घरांत आणावयाचें, तिच्याविषयीं कोणीच बोलत नाहीं. तिच्या वडिलांना वराची नोकरी, पगार, ओलिताची शेती, पत्रिकेंतील गुण, सगळें कांहीं अगदीं तपशीलवार कळविलेलें असतें.