नोटिशीची किंमत

‘आमच्या अशिलांच्या सूचनेवरून आपणांस कळविण्यात येते की...’ अशी सुरुवात असलेले पत्र ज्याने एकदा हातात घेतले आहे, त्याला पुढचा मजकूर वाचावा लागत नाही. लिहिलेले ताबडतोब काढा, बिनशर्त माफी मागा, पुन्हा असे करणार नाही असे लिहून द्या. नाहीतर अमुक कोटींची भरपाई आणि वर फौजदारी. मुदत सात दिवस, फार तर पंधरा. मोठ्या कंपनीच्या विधी विभागाला असे पत्र धाडणे म्हणजे किरकोळ खर्च. ज्याच्या दारात ते येते, त्याच्या घरी मात्र त्या रात्री कुणी धड जेवत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये बोर्नव्हिटाच्या बाबतीत हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. डब्यावरचा पोषणतक्ता वाचून त्यात साखर किती आहे, हे सांगणारा छोटासा व्हिडिओ एका तरुणाने केला होता. कंपनीची नोटीस आली. त्याने व्हिडिओ काढला, माफी मागितली आणि कोर्टकचेरी आपल्याला झेपणार नाही, हेही उघड सांगितले. व्हिडिओत चुकीचे दावे आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. असतीलही. न्यायालयात तपासले असते तर त्यातले काही टिकले नसते कदाचित; पण तपासायची वेळच आली नाही. त्याच महिन्यात राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने दिशाभूल करणाऱ्या जाहिराती मागे घ्या, असे कंपनीला सांगितले. पुढे त्या पावडरीतली वरून घातलेली साखर कमी झाली. एप्रिल २०२४ मध्ये तर केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले, की बोर्नव्हिटासकट अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गात दाखवू नका. थोडक्यात, प्रश्न बिनबुडाचा नव्हता. तो विचारणारा तोवर माफी मागून मोकळा झाला होता.

अब्रुनुकसानीचा कायदा वाईट आहे, असे मी म्हणत नाही. वर्षानुवर्षे नेकीने धंदा करणाऱ्याचे नाव कुणी एका संध्याकाळी मातीत घालू शकतो, आणि अशा वेळी त्याने कायद्याकडे जाऊ नये तर कुठे जावे? खटकते ते वेगळे. आपल्याकडे वादाचा निकाल लागायच्या आधीच निम्मा निकाल लागलेला असतो. नोटीस, मग अंतरिम मनाई, मग तारखा. या वाटेवर बोलणारा गप्प होतो आणि तो खरे बोलत होता की खोटे, हे कुणालाच कळत नाही.

माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारे उदाहरण मुंबईतलेच आहे. पॅराशूट खोबरेल तेलाच्या शुद्धतेबद्दल एका यूट्यूबरने व्हिडिओ केला आणि मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये न्या. काथावाला यांनी तो व्हिडिओ काढायला लावला. पुढे अपिलात खंडपीठाने हा आदेश काहीसा सैल केला. पण मूळ निकालपत्रातले एक निरीक्षण मला पटते: ज्याच्या शब्दावर हजारो लोक विश्वास ठेवतात, त्याने दाव्याआधी पुरेशी शहानिशा केली पाहिजे. घरच्या फ्रीजमध्ये दोन तेले गोठवून काढलेला निष्कर्ष म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. त्यातून प्रेक्षकसंख्येवर कमाई होत असेल, दुसऱ्या उत्पादनाच्या विक्रीतून दोन पैसे मिळत असतील, तर ‘मी साधा ग्राहक’ हा पवित्रा लटका पडतो. अशा माणसाला उत्तरदायी धरावे, याबद्दल माझे दुमत नाही. पण तेच माप दुकानात डबा हातात धरून शंका काढणाऱ्या गृहिणीला लावले, तर या देशात शंका काढण्याचा हक्क फक्त प्रयोगशाळेच्या मालकांना उरेल.

हे माप किती जाचक होऊ शकते, ते लंडनमध्ये दिसले. मॅकडोनाल्ड्सवर टीका करणारे एक पत्रक वाटल्याबद्दल कंपनीने १९९० मध्ये पाच जणांवर दावा लावला. तिघांनी माफी मागितली. हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस मात्र अडून बसले. सरकारी कायदेसाहाय्य नाही, स्वतःच उलटतपासणी घ्यायची, आणि पत्रकातले प्रत्येक विधान खरे आहे हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्याच डोक्यावर. सुनावणी ३१३ दिवस चालली. १९९७ च्या निकालात काही आरोप खरे ठरले, काही नाही, आणि दोघांना ६० हजार पौंडांची भरपाई सुनावली गेली. अपिलात ती ४० हजारांवर आली. अखेर २००५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सांगितले, की एवढ्या बलाढ्य वादीसमोर या दोघांना वकिलाविना उभे करणे न्याय्य नव्हते आणि त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाही भंग झाला. तोवर पंधरा वर्षे गेली होती.

आपल्याकडे याहून शहाणी वाट पूर्वीच सापडलेली आहे, फक्त तिच्यावरून फारसे कुणी चालत नाही. अहमदाबादच्या ग्राहक संस्थेचे प्रा. मनुभाई शाह यांनी १९७८ मध्ये आयुर्विमा महामंडळावर अभ्यासपूर्ण टीका केली: हप्ते अवाच्या सवा आहेत आणि सामान्य माणूस विम्याबाहेर राहतो. महामंडळाच्या अधिकाऱ्याने वृत्तपत्रात उत्तर दिले आणि तेच उत्तर ‘योगक्षेम’ या महामंडळाच्या नियतकालिकातही छापले गेले. शाह यांचे प्रत्युत्तर छापायला मात्र नकार; मासिक आमचे, मर्जी आमची. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्जी मोडीत काढली आणि प्रत्युत्तर छापायला लावले. महामंडळ सरकारी, म्हणून हे शक्य झाले. खासगी कंपनीला हा दंडक जसाच्या तसा लागू होत नाही, हे मान्य. तरी त्यातली दिशा सरळ आहे: टीकेला उत्तर द्या, आणि उत्तराला उत्तर येऊ द्या.

टाटा समूहाने ग्रीनपीसच्या कासवांच्या व्हिडिओगेमवर दहा कोटींचा दावा लावला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये अंतरिम मनाई नाकारली ती याच धोरणाने: खोटे ठरले तर भरपाई द्या, आधी तोंड बांधू नका. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग आणि झी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानेही खालच्या न्यायालयांना ताकीद दिली, की पूर्ण सुनावणीआधी मजकूर हटवण्याचे हुकूम सहजासहजी देऊ नका. पण ही ताकीद न्यायालयाच्या दारात पोचलेल्यांच्या कामाची. नोटिशीलाच गारठलेला माणूस त्या दारापर्यंत जातच नाही.

म्हणून काम संसदेचे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड ठेवला. ग्राहकाला माहितीचा हक्क आणि आपले म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा हक्कही दिला. त्या माहितीच्या आधारे तो चारचौघांत बोलला आणि त्याच्यावर धाक घालणारा दावा आला, तर तो दावा सुरुवातीलाच फेटाळून त्याचा खर्च कंपनीकडून वसूल करण्याची तरतूद मात्र त्यात नाही.