वेळेआधीं

जहाजावर चढावयास किती आधीं जावें, हा प्रश्न वरवर पाहतां घड्याळाचा आहे; परंतु थोडा विचार केल्यास तो नीतीचाही आहे असें दिसून येईल. अमेरिकेंतील मायामी बंदरांत सहलीचीं प्रचंड जहाजें सकाळीं परततात आणि त्याच दिवशीं नवे प्रवासी घेऊन निघतात. मधल्या थोड्या तासांत जुने प्रवासी उतरावयाचे, हजारों बिछाने बदलावयाचे, कोठी भरावयाची. म्हणून प्रत्येकास येण्याची वेळ नेमून दिलेली असते. प्रवाशांची अखेरची यादी जहाज सुटण्यापूर्वीं ६० मिनिटें सरकारकडे जावी लागते. तेव्हां उशिरा येणाऱ्यास क्षमा नाहीं, आणि तें ठीकच आहे.

पण दोनची वेळ मिळालेला गृहस्थ अकरालाच दाराशीं उभा राहतो, त्याचें काय? लोक त्यास दूरदर्शी म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. विमानास उशीर होईल या धास्तीनें जो आदल्या दिवशींच गांवांत येऊन राहतो, तो आपल्या काळजीची किंमत स्वतः देतो. दाराशीं गर्दी करणारा मात्र ती दुसऱ्याकडून वसूल करतो. अकराची वेळ असलेलें वृद्ध जोडपें त्याच्यापायीं उन्हांत तिष्ठतें. (पहिल्या पंक्तीसाठीं धांवणारे आपल्याकडेही कमी नाहींत!)

त्याच बंदरांत मीही एकदां असाच आधीं जाऊन उभा राहिलों होतों. भीति खरी होती, हें आजही म्हणेन. पण माझ्या आधींची वेळ असलेल्या एक बाई माझ्या मागें उभ्या होत्या, आणि त्यांना पुढें जाऊं द्यावें हें मला सुचलें नाहीं. त्यांच्या कडेवर मूल होतें.